खोडदची शांतता आणि आपली रेल्वे

नाशिक-पुणे रेल्वे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीजवळून न्यावी का, हा विषय निघाला की हल्ली वाद एका वाक्यावर येऊन अडकतो: "माणसं महत्त्वाची की तारे?" द्वारका चौकात गाडीची वाट पाहणाऱ्यांकडून मी ते ऐकलं, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकलं, एका लग्नाच्या पंगतीतही ऐकलं. दुसऱ्या बाजूचं उत्तर ठरलेलं असतं: दुर्बीण हा देशाचा मानबिंदू आहे, तिला धक्का लागता कामा नये. एक बाजू प्रश्नच चुकीचा विचारते आणि दुसरी त्याचं उत्तर देत नाही. मी पंचवीस वर्षं पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो आहे आणि त्याहून जास्त वर्षं नाशिक-पुणे रस्त्यानं ये-जा करतो आहे, म्हणून या वादात चार शब्द बोलावेसे वाटतात. माझं म्हणणं सरळ आहे. रेल्वे हवी, लवकर हवी, पण नारायणगाव-खोडदच्या जवळून नको. द्रव्य शेवटी किती दाब सोसू शकतं आणि त्या दाबाखाली त्याचं काय होतं, हे शोधायची जी मोजकी ठिकाणं जगात आहेत त्यांतलं एक आपल्या रस्त्यावर आहे. तिथल्या दुर्बिणीच्या तबकड्यांपेक्षाही मोलाची आहे ती तिथली रेडिओ शांतता, म्हणजे माणसांच्या यंत्रांचा रेडिओ गोंगाट तिथे नसणं. तबकडी पुन्हा उभी करता येते, शांतता पुन्हा उभी करता येत नाही.

आधी विरोधकांचं खरं बळ मान्य करतो, कारण ते मोठं आहे. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, चाकण असा २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग आखला गेला, पुणं पावणेदोन तासांवर येईल असं सांगितलं गेलं, सिन्नर तालुक्यात काहींनी जमिनी दिल्याही. मग केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की खोडदच्या दुर्बिणीमुळे हा मार्ग स्वीकारता येणार नाही, आणि शिर्डीवरून नवी आखणी पुढे आली. ज्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं तर त्यात नवल काय? आजही नाशिकहून पुण्याला रेल्वेनं जायचं तर कल्याण किंवा मनमाडचा वळसा घ्यावा लागतो. रस्त्यानं जावं तर चाकणच्या कोंडीत तास-तास जातो. माझ्या वडिलांना तपासणीसाठी पुण्याला न्यायचो तेव्हा पहाटे चारला घर सोडायचो आणि आळेफाट्याला उजाडायचं. मागच्या सीटवर आडव्या झालेल्या आजारी माणसाला प्रत्येक खड्डा कसा लागतो ते मी पाहिलं आहे. या माणसांना तारे दाखवून गप्प करता येणार नाही, करूही नये.

पण म्हणूनच हे तारे काय आहेत ते नीट सांगायला हवं. सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड तारा इंधन संपल्यावर कोसळतो, बाहेरचे थर उधळले जातात आणि गाभा आक्रसून मागे उरतो. हाच न्यूट्रॉन तारा. सूर्याच्या दीडपट वस्तुमान, आणि व्यास जेमतेम चोवीस किलोमीटर. रविवार कारंजावरून त्र्यंबकच्या दिशेनं निघालात तर त्र्यंबक यायच्या आत तारा संपतो. आपल्याकडच्या एका द्राक्षमण्याएवढ्या जागेत तिथलं द्रव्य भरलं तर त्याचं वजन अब्ज टनांच्या घरात जाईल. अशा ताऱ्यात वरून आत जाऊ लागलो की आधी लोखंडासारख्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रकांचा कठीण कवचासारखा थर लागतो. आणखी खाली दाब इतका वाढतो की केंद्रकांमधून न्यूट्रॉन निथळू लागतात. त्याखाली केंद्रकं गोल राहतच नाहीत. ती एकमेकांना चिकटून आधी शेवयांसारखी लांबतात आणि मग पापडांसारखे थर होतात. भौतिकशास्त्रज्ञांनी या अवस्थांना खरोखरच पास्त्याच्या प्रकारांची नावं दिली आहेत. त्याच्याही खाली न्यूट्रॉनांचा द्रव, त्यात थोडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, म्युऑन. आणि अगदी मध्यभागी? तिथे घनता अणुकेंद्रकाच्या कित्येक पट असते. तिथे न्यूट्रॉन न्यूट्रॉनच राहतात, की फुटून आतले क्वार्क मोकळे होतात, की हायपेरॉन नावाचे जड कण जन्माला येतात, हे आज जगात कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"मग ते प्रयोगशाळेत करून बघा ना, आकाशाकडे कशाला कान लावता?" स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलेला हा प्रश्न मला सगळ्यांत योग्य वाटला, कारण उत्तर तिथेच आहे. पृथ्वीवर जड केंद्रकं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळून क्वार्कांचा रस्सा करता येतो, जिनिव्हात आणि न्यूयॉर्कजवळ ते केलं गेलं आहे. पण तो रस्सा अतितप्त असतो आणि निमिषार्धात विरतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातलं द्रव्य त्या मानानं थंड, दाट आणि न्यूट्रॉनांनी गच्च भरलेलं. असं द्रव्य पृथ्वीवर बनवता येत नाही. फार तर त्याच्या कडेला हात लागतो: २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेनं शिशाच्या केंद्रकावर दुधावर यावी तशी न्यूट्रॉनांची जी साय असते तिची जाडी जाहीर केली, ०.२८ फेम्टोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाचा जवळपास पस्तीस लाखावा हिस्सा. त्या सायीला बाहेर ढकलणारा दाब आणि चोवीस किलोमीटरचा तारा तोलून धरणारा दाब एकाच नियमाचे. शिशाच्या एका केंद्रकाला आणि अख्ख्या ताऱ्याला एकच समीकरण लागू पडावं, यासारखी थक्क करणारी गोष्ट मला माझ्या विषयात दुसरी माहीत नाही. पण त्या समीकरणाचं दुसरं टोक, खोलातलं टोक, फक्त ताऱ्यांकडे आहे.

ते टोक कसं पकडतात? इथे शांततेचा संबंध येतो. न्यूट्रॉन तारे गरगर फिरत असतात आणि दीपगृहासारखा रेडिओ झोत फेकत असतात. झोत पृथ्वीवरून गेला की एक ठोका ऐकू येतो. अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीनं एका पल्सारचे ठोके मोजले. त्याचा जोडीदार, एक पांढरा खुजा तारा, मधे आला की ठोके किंचित उशिरा पोचत होते, कारण जोडीदाराभोवतीचं अवकाशच वाकलेलं होतं. हा उशीर सेकंदाच्या काही लक्षांश भागांचा होता, आणि तेवढ्यावरून पल्सारचं वस्तुमान निघालं: सूर्याच्या जवळजवळ दुप्पट. त्या एका आकड्यानं सिद्धांतकारांच्या वह्यांमधली कितीतरी पानं रद्द झाली. कारण असं की गाभ्यात हायपेरॉन तयार झाले तर द्रव्य 'मऊ' पडतं, दाबाला पुरेसा विरोध करत नाही, आणि बहुतेक साध्या गणितांप्रमाणे दोन सूर्यांएवढा तारा अशा मऊ गाभ्यावर टिकू नये, तो कोसळून कृष्णविवर व्हावा. तारा मात्र तिथे आहे, ठोके देतो आहे. मग गाभ्यात नेमकं काय आहे? हे कोडं अजून सुटलेलं नाही. ग्रीन बँकला हे मोजता आलं याचं एक मोठं कारण असं की १९५८ साली तिथे सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा रेडिओ शांतता विभाग कायद्यानं आखला गेला. दुर्बिणीच्या आसपास फिरणाऱ्या गाड्यासुद्धा डिझेलच्या, कारण पेट्रोल इंजिनात ठिणगी असते.

ठिणगीचं महत्त्व ज्याला पटत नसेल त्यानं घरातला जुना ट्रान्झिस्टर काढावा, मिडियम वेव्ह लावावी आणि शेजारी मिक्सर सुरू करावा. जी खरखर येते ती ठिणग्यांची. जगातला पहिला रेडिओ संदेश ठिणगीचाच होता. १८८० च्या दशकात हर्ट्झनं ठिणगी पाडूनच रेडिओ लहरी निर्माण केल्या. थंडीतल्या पहाटे नाशिकरोडला फलाटावर उभं राहून इंजिनाच्या टपावर पाहिलं तर तार आणि तिच्यातून वीज घेणारी टपावरची चौकट, म्हणजे पँटोग्राफ, यांच्यामध्ये निळी ठिणगी उडताना दिसते. २५ हजार व्होल्टच्या तारेवरची ती प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्र. आणि खोडदला जे ऐकायचं आहे ते किती क्षीण? चंद्रावर कुणी साधा मोबाइल सुरू केला तर तो रेडिओ आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंमध्ये गणला जाईल. "एका गाडीनं असं काय होणार आहे" असं म्हणणाऱ्यांनी हे प्रमाण डोळ्यांसमोर आणावं. शिवाय रुळांमागोमाग स्थानक येतं, सिग्नल यंत्रणा येते, टॉवर येतात, गोदामं येतात. ती यावीत म्हणून तर आपण रेल्वे मागतो.

पल्सारचा शोधच या मुद्द्याचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे. न्यूट्रॉन १९३२ मध्ये सापडला. दोनच वर्षांत बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी, तारा फुटल्यावर मागे न्यूट्रॉनांचा गोळा उरत असावा, असं लिहून ठेवलं, आणि पुढची तीन दशकं तसा गोळा कुणालाही दिसला नाही. १९६७ मध्ये केंब्रिजची संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल तिथल्या रेडिओ दुर्बिणीनं काढलेली, रोज जवळपास शंभर फूट कागदावरची शाईची रेघ डोळ्यांनी तपासत होती. शेकडो फुटांत जेमतेम पाव इंचाची एक विस्कटलेली खूण तिला वारंवार दिसली. पहिली शंका अर्थात हीच की हा कुठल्यातरी माणसाच्या यंत्राचा गोंगाट असावा. तिनं ती खूण फेकून दिली नाही, चिकाटीनं मागे लागली आणि १.३४ सेकंदांनी पडणारा ठोका हाती लागला. आता विचार करा, त्या दुर्बिणीशेजारून दर वीस मिनिटांनी विजेची गाडी जात असती तर? ती खूण हजार खुणांत मिसळून गेली असती आणि काहीतरी हरवलं हे कुणाला कळलंही नसतं. या वादातली सगळ्यांत अवघड गोष्ट हीच आहे. रेल्वे झाली नाही तर तोटा रोज दिसतो, लागू शकणारा शोध हुकला तर त्याची नोंद कुठेच होत नाही. जे दिसतं त्याचं वजन जास्त धरणं स्वाभाविक आहे, पण ते बरोबर आहे का?

आता दुर्बिणीच्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्या मित्रांकडे वळतो, कारण त्यांनीही हा वाद बिघडवला आहे. ते सांगतात, अशा संशोधनातून उद्या उपयोगी यंत्रं निघतील. निघतीलही. पण संगमनेरचा टोमॅटो उत्पादक लगेच विचारतो की मग ती यंत्रं थेट बनवा, ताऱ्यांचा फेरा कशाला, आणि या प्रश्नापुढे ते गप्प होतात. जोडउत्पादनाच्या भरवशावर मूळ गोष्टीचं समर्थन करू नये. द्रव्य काय आहे हे जाणून घेणं हीच मूळ गोष्ट आहे, आणि आपल्या माणसांना ती कळणार नाही असं धरून चालणं हा त्यांचा अपमान आहे. दोन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला मी विद्यार्थ्यांना घेऊन खोडदला गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली उभं राहिलं की ती भरीव नाही हे कळतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारांची जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं. जाळीमुळे वारा अडत नाही, वजन आणि खर्च दोन्ही कमी होतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना इथेच बसवली. अशा तीस तबकड्या, काही मध्यभागी दाटीनं, उरलेल्या तीन हातांवर पसरलेल्या. एका दालनात वेला पल्सारचे ठोके लाउडस्पीकरवर ऐकवत होते, सेकंदाला अकरा. माझ्या शेजारी जुन्नरकडच्या नऊवारीतल्या एक आजी होत्या, नातवाला घेऊन आलेल्या. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "हे थांबत न्हाई का रं कधी?" वेलाचा वेग खरोखरच हळूहळू कमी होतो आहे, आणि दर दोन-तीन वर्षांनी तो अचानक किंचित वाढतो, कारण आतला घर्षणहीन न्यूट्रॉन द्रव आपल्या फिरण्याचा साठा कवचाला देऊन टाकतो. म्हणजे त्या आजींनी नेमकं तेच विचारलं होतं, ज्यातून ताऱ्याचं पोट तपासता येतं. उटी आणि खोडदच्या दुर्बिणींनी असे झटके टिपले आहेत. "सामान्य माणसाला याचं काय" असं म्हणणाऱ्यांनी त्या आजींचा चेहरा पाहायला हवा होता.

एक ऐतिहासिक दाखला विरोधकांच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेनं चुंबकसूया थरथरणार हे उघड होतं. तेव्हा शहराला थांबवलं गेलं नाही, वेधशाळाच अलिबागला गेली. चुंबकीय गुण नसलेला दगड निवडून तिथे इमारत बांधली, १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि मगच कुलाब्याच्या सूया थांबवल्या. मग खोडदचीही अशीच बदली का करू नये? पण दाखला पूर्ण वाचा. तेव्हाच्या सरकारनं मोजमापाची साखळी तुटू दिली नाही, म्हणून १८५९ च्या महाभयंकर सौरवादळाची कुलाब्याची नोंद आणि आजची अलिबागची नोंद एका सलग मालिकेत बसतात. हलवायचं होतं ते एका इमारतीत मावणारं होतं. खोडदच्या तबकड्या पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत, पाया खणून रोवलेल्या. आणि मुंबईपासून होडीनं जाता येईल इतक्या अंतरावर १९०४ मध्ये शांत जागा मिळाली, आज महाराष्ट्रात ती कुठे मिळणार? सह्याद्रीच्या डोंगरांनी अडोसा दिलेली, दक्षिणेकडचं बरंचसं आकाश दिसणारी आणि तरीही चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेशी उत्तरेला असणारी जागा म्हणून खोडद निवडलं गेलं. तसं दुसरं खोडद मला नकाशावर दिसत नाही.

"दुर्बीण आता जुनी झाली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात त्याहून मोठी उभी राहते आहे, भारतही त्यात १२५० कोटी घालतो आहे," हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण खोडदची दुर्बीण मधल्या काळात अद्ययावत झाली आहे. २०२३ च्या जूनमध्ये जगभरच्या ज्या गटांनी पल्सारांच्या ठोक्यांवरून मंद गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, पुरावा मांडला, त्यांत खोडदच्या निरीक्षणांवर उभा असलेला भारतीय गट होता. २००४ मध्ये याच दुर्बिणीनं एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक पल्सार शोधला. त्याच गुच्छातल्या दुसऱ्या एका पल्सारला एक विलक्षण सोबती असल्याचं २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीनं दाखवलं. हा सोबती वस्तुमानानं सर्वांत जड न्यूट्रॉन तारा आणि सर्वांत हलकं कृष्णविवर यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात येतो. एकीनं वाट दाखवली, दुसरी पुढे गेली. नव्या दुर्बिणी येतात म्हणून जुन्या निरुपयोगी ठरत नाहीत, आणि दक्षिण गोलार्धातल्या दुर्बिणींना उत्तरेचं सगळं आकाश दिसतही नाही. दक्षिण आफ्रिकेनं तर दुर्बीण बांधायच्या आधीच, २००७ मध्ये, तिच्या भोवतालचा प्रदेश शांत ठेवण्याचा कायदा केला. आपल्याकडे हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. तिथे रेडिओची नाही पण जमिनीच्या थरथरीची अडचण असेल. खोडदचा वाद आपण कसा सोडवतो यावर तिथला उद्याचा वाद अवलंबून राहील.

राहिला बोगद्याचा प्रश्न. दुर्बिणीच्या टप्प्यात गाडी जमिनीखालून न्या, तारांना संरक्षक कवच द्या, असं काही जण सुचवतात. ही सूचना मला मनापासून आवडते, कारण ती दोन्ही गरजा मान्य करते. पण ती आशेवर मंजूर होऊ नये, मोजमापावर व्हावी. किती लांबीचा बोगदा, तोंडाशी किती गोंगाट बाहेर पडतो, कुठल्या लहरलांबीवर किती, हे खोडदच्या अभियंत्यांसमोर मोजून दाखवावं आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. ते निभत असेल तर मूळ मार्गाला माझा विरोध उरत नाही. निभत नसेल तर शिर्डीचा फेरा पत्करावा. नाशिककराचा प्रवास त्यानं काहीसा लांबेल. आज आपण जो वेळ रस्त्यावर घालवतो त्याच्या मानानं तो फरक सोसण्यासारखा आहे.

ज्यांना तो सोसवणार नाही ते आपण नाशिककर नव्हेच, ते आहेत नारायणगाव, आळेफाटा आणि संगमनेरचे लोक, ज्यांच्या दारातून गाडी जाणार होती आणि आता जाणार नाही. दुर्बिणीच्या परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. म्हणजे जगाला लागणाऱ्या शांततेची किंमत हे दोन-तीन तालुके इतकी वर्षं चुकवत आहेत आणि त्याबद्दल त्यांचे आभारही कुणी मानलेले नाहीत. शांतता ही सार्वजनिक मालमत्ता असेल तर तिचं भाडं सर्वांनी मिळून द्यायला हवं: टोमॅटोच्या बाजारासाठी शीतगृहं, गोंगाट न करणारे प्रक्रिया उद्योग, सिन्नरला जमिनी दिलेल्यांच्या बाबतीत स्वच्छ निर्णय आणि नाशिक-पुणे रस्त्याची खरीखुरी दुरुस्ती. रेल्वेसाठी जी निवेदनं नाशिकमधून जातात त्यांत या मागण्या पहिल्या पानावर असाव्यात. विज्ञानदिनाला परत येताना खोडदच्या वेशीवर चहा घेतला तेव्हा टपरीवाल्याला विचारलं, या तबकड्यांचा तुम्हाला काही त्रास? तो म्हणाला, "त्रास न्हाई सर. पण पोरगं चाकणला गेलंय कामाला. हितं काय उभं राहू देत न्हाईत म्हणत्यात. ते तेवढं बघा कुणीतरी."